कळपाच्या मागचं कुत्रं

दिवाळीतला आकाशकंदील आमच्या पडवीत बरेच दिवस तसाच लटकत असतो. आज काढू, उद्या काढू म्हणत राहून जातो. वाऱ्याने झिरमिळ्या निम्म्या गळतात, कागदाचा रंग उडतो, आणि अशाच एखाद्या सकाळी भाकरी थापताना लांबून आवाज येतो. आधी घोडीच्या गळ्यातली घंटी, मग मेंढरांचा एकसुरी कालवा, मग कुणीतरी जिभेने काढलेला टक्क टक्क असा इशारा. पारनेरकडचे वाडे निघालेले असतात. आमच्यात वाडा म्हणजे चौसोपी घर नव्हे. मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं, कुत्री असं सगळं चालतंबोलतं बिऱ्हाड म्हणजे वाडा. निमगाव सावाच्या शिवारातून हे वाडे ओतूरच्या अंगाने सरकतात, मढच्या माळावर टेकतात आणि माळशेज उतरून कोकणात जातात. पावसाच्या तोंडाला परत वर येतात.

यंदाही आवाज आला. मी हातातली भाकरी परातीतच ठेवून ऐकत बसले. दरवर्षी या आवाजासरशी आमच्या घरातून दोघं जण रस्त्याकडे धावायचे. एक माझे सासरे, त्यांना सगळे आप्पा म्हणत, आणि दुसरी माझी लेक स्वरा. यंदा आप्पा नाहीत. श्रावणात गेले. स्वरा वेणी घालत होती, ती अर्धवट वेणीनिशीच उठली. टोपल्यातली पहिली भाकरी तिने काढून घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मी तवा खाली उतरवला आणि म्हटलं, थांब, मीपण येते.

मला तिला एक गोष्ट सांगायची होती. ती पहिलीत होती तेव्हापासून माझ्या घशात अडकलेली. ही पोर दर हिवाळ्यात रस्त्याला उभी राहून येणाऱ्या प्रत्येक कळपाच्या मागचं कुत्रं निरखून बघते. ते आपलं तांबू आहे का, म्हणून. आणि तांबू आमच्याच बांधावरच्या बाभळीखाली पुरलेला आहे, हे मला ठाऊक आहे. आप्पांनी तिला तो कोकणात गेल्याचं सांगितलं होतं. आता सांगणारे आप्पाच राहिले नाहीत, तेव्हा ही थाप निस्तरायचं काम माझ्याकडे आलं.

तांबू गेला तो हिवाळा मला वासांनी आठवतो. लावणीच्या कांद्याच्या रोपांचा उग्र वास, उसाला पाणी दिल्यावर येतो तो गोडसर कुबट वास, आणि आप्पांच्या घोंगडीचा वास. लोकरीचा, धुराचा, मेंढराचा. मेंढरं गेली तरी घोंगडीतून वास गेला नव्हता. त्याआधीच्या उन्हाळ्यात, कोकणातून वर आल्या आल्या, आप्पांनी कळप विकला होता. गुडघे राहिले नव्हते. घाट चढताना दोनदा खाली बसले, तेव्हा बरोबरच्या लोकांनी त्यांना घोडीवर बसवून आणलं. घोडीवर बायका, कोकरं आणि भांडी बसतात. आप्पांना ते लागलं. घरी आल्यावर त्यांनी कुणाशी चर्चा केली नाही. नात्यातल्याच एका वाड्याला मेंढरं देऊन मोकळे झाले.

आमच्याकडे रीत अशी की कळप विकला की कुत्रं कळपाबरोबर जातं. त्याचा वेगळा सौदा होत नाही आणि त्याला कुणी विचारतही नाही. ते माणसाचं नसतंच मुळी, मेंढरांचं असतं. आप्पांनी आयुष्यभर ही रीत लोकांना सांगितली आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मोडली. मेंढरं वळवली, घोडी दिली, वाघरी दिल्या, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायच्या जाळ्या. तांबूला मात्र गळ्यात हात घालून धरून ठेवलं. मेंढरं दिसेनाशी होईपर्यंत ते कुत्रं हिसके देत होतं. मी माहेरची महाळुंगे पडवळची. आमचं घर दोन पिढ्यांपासून शेतीला लागलेलं, त्यामुळे मला यातलं फारसं कळत नव्हतं. कुत्रं राहिलं, पोरीला खेळायला झालं, एवढंच मला वाटलं.

तांबू नाव रंगावरून. घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखा रंग होता त्याचा, कानाचं एक टोक फाटलेलं. खेळण्याबिळण्यातलं त्याला काही कळायचं नाही. स्वरा चेंडू टाकायची आणि तो चेंडूकडे बघायचा, मग तिच्याकडे बघायचा, की आता याचं काय करायचं असतं. पण स्वरा शाळेत निघाली की हा मागे. पुढे नाही, बरोबर नाही, मागे. पोरांचा घोळका पुढे आणि दहा हात अंतर ठेवून हा. कुणी चप्पल सावरायला थांबलं, कुणी बोरं वेचायला रेंगाळलं, की हाही थांबणार. सगळ्यांत मागचं पोर शाळेच्या फाटकात शिरलं की परत फिरणार. आप्पा ते बघून म्हणायचे, मेंढरं न्हाईत म्हणून पोरं राखतंय.

कळपात कुत्र्याची जागा शेवटी असते, हे मला आप्पांनी सांगितलं. पुढे घोडी आणि बायका, मध्ये मेंढरं, मागे मेंढका आणि त्याच्याही मागे कुत्रं. कारण लंगडी मेंढी मागे राहते, वाटेत व्यालेली मागे राहते, आणि लांडगा घाला घालतो तो मागूनच. आप्पांची सगळी हयात कळपाच्या मागे धूळ खात गेली. पुढून कळप कसा दिसतो हे मला माहीत नाही, असं ते म्हणायचे. त्यात तक्रार नसायची.

त्या वर्षी बिबट्यांनी फार उच्छाद मांडला होता. आमच्याकडे म्हातारी माणसं बिबट्याला वाघच म्हणतात. ऊस वाढला की वाघ उसात असतोच, हे आम्हाला नवं नाही, पण त्या हिवाळ्यात रोज कुणाचं तरी वासरू, कुणाची शेळी. वनखात्याची गाडी भोंगा लावून फिरायची. जनावरं आत बांधा, पोरांना दिवस मावळल्यावर बाहेर सोडू नका, वाकून काम करू नका. शाळा लवकर सुटायची. उन्हं कलली की आम्ही दाराला आतून कडी घालायचो, आणि मग त्या लांबच लांब संध्याकाळी घरातल्या घरात करायचं काय? माझ्या भावाने महाळुंग्याहून एक पेन ड्राइव्ह पाठवला होता, त्यात एक कार्टूनचा पिक्चर होता. बर्फावरच्या गाडीला जुंपलेल्या कुत्र्यांचा. स्वराने तो एकदा पाहिला आणि मग संपूर्ण हिवाळा आमच्या घरात बर्फ पडत राहिला.

पिक्चर हिंदीत होता. नदीपलीकडे वादळात अडकलेल्या बापाला आणायला एक लहान मुलगी कुत्री जुंपून निघते, एवढीच गोष्ट. कुत्री आपसांत हिंदी बोलायची. आप्पांना हिंदी येत नव्हतं, तरी ते भिंतीला टेकून बघत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, कुत्र्यांना गाडी ओढाया लावलीय, तिकडं बैल न्हाईत का? स्वराने त्यांना बर्फ समजावून सांगितला. आप्पांचा दुसरा आक्षेप मोठा होता. कुत्री पुढे आणि माणूस मागे, हे त्यांना काही केल्या पटेना. समदं उलटंच हाय तुझ्या पिक्चरमधी, म्हणायचे.

मी अंगणवाडीत काम करते. गोष्ट सांगणं हा माझा रोजचा धंदा. लांडग्याला विहिरीत टाकायचं की नुसतं पळवून लावायचं, हे मी समोरच्या पोरांची तोंडं बघून ऐनवेळी ठरवते. त्यामुळे असल्या पिक्चरची शिवण मला लगेच दिसते. ज्या कुत्र्याला सगळी हसतात, ज्याला दोरीच्या शेवटाला बांधलेलं असतं, तेच सगळ्यांच्या पुढे धावणार हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. या पिक्चरमधल्या त्या कुत्र्याचा कान वाकडा होता, म्हणून आम्ही त्याला वाकडकान्या म्हणायचो. वादळ यायचं ते घर दिसायला लागल्यावरच यायचं, आधी कधी नाही. बर्फाला तडा जायचा, पण आवाज करून, सगळ्यांना उडी मारायला वेळ देऊन. दोरी तुटायची तीही एकेक पीळ उलगडत. स्वराला हे सगळं पाठ होतं आणि पाठ होतं म्हणूनच तिला ते बघायचं असायचं. काय होणार हे माहीत असताना भिण्यात एक सुख असतं. बाहेर उसात काय आहे हे माहीत नसलेल्या पोरीला तर ते फारच हवं होतं.

आणि त्या पिक्चरमध्ये कुणी मरत नव्हतं. कुत्र्यांत एक म्हातारं कुत्रं होतं, दाढीवाल्यासारखं. एका मुक्कामाला ते बर्फात बसतं, डोंगराकडे बघत राहतं. सकाळी त्याची जागा रिकामी असते आणि त्याचा पट्टा तिथेच पडलेला. लहान पिल्लू विचारतं, बाबा कुठे गेले? बाकीची कुत्री एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, ते पुढच्या मुक्कामाला गेले, लवकर निघाले. पिल्लू बरं म्हणतं आणि धावायला लागतं. मला तो तुकडा फार आवडला होता. लहान पोरांना असंच सांगावं, इतकं हळू, असं मी मनाशी म्हटल्याचं आठवतं.

शेवटाला वाकडकान्या सगळ्यांना नदीपार आणून बर्फात कोसळतो. डोळे मिटतात. वाजप थांबतं. मुलगी त्याच्या अंगावर डोकं ठेवून रडते. बराच वेळ नुसता वारा. मग कॅमेरा हळूच मागे सरकतो आणि त्याच्या शेपटाचं टोक हलतं. एकदा. मग पुन्हा. मग सगळं गाव कंदील घेऊन धावत येतं. ही असल्या पिक्चरची सगळ्यांत जुनी खोड. कोसळलेलं कुत्रं उठतंच, फक्त तुम्हाला आधी रडवून घेतात. पण आप्पा तिथपर्यंत कधी थांबत नसत. कुत्रं पडलं की ते गुडघ्यावर हात टेकून उठत. स्वरा ओरडायची, आप्पा थांब की, शेपूट हलतं आता! आप्पा दाराच्या फटीतून बाहेर तांबूला हाक मारत आणि म्हणत, पडल्यालं कुत्रं उठत न्हाई, बाय. म्यां बघितल्याती.

चंपाषष्ठीला आमच्याकडे वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे करतात, खंडोबाला नैवेद्य दाखवतात आणि कुत्र्याला जेवू घालतात. कुत्रं खंडोबाचं. वाड्यावर असताना एवढ्या कुत्र्यांत ते वाटायचं, त्या वर्षी सगळं एकट्या तांबूला. आप्पांनी त्याच्या कपाळाला भंडारा लावला. तांबूने रोडगा हुंगला आणि उचलून रस्त्यापर्यंत नेला. तिथे ठेवून तो ओतूरच्या दिशेला बघत बसला. त्याच दिवशी एक वाडा गेला होता, रस्त्यावर लेंड्या पडलेल्या होत्या. मला ते बघवलं नाही, मी आत गेले. आप्पा मात्र त्याच्याजवळ जाऊन बसले. दोघंही पाठमोरे, एकाच दिशेला तोंड करून.

त्यानंतर लगेचच शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं वाघाने दारातून उचललं. माझ्या नवऱ्याचा भाजीचा टेम्पो आहे, नारायणगावच्या मार्केटला माल नेतात. येताना त्यांनी साखळी आणली आणि आप्पांना सांगितलं, आजपासून तांबू रात्री गोठ्यात बांधायचा. वाघाला कुत्र्यासारखं सोपं काही नसतं. आप्पा हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणाले नाहीत. तांबूला आयुष्यात कधी साखळी ठाऊक नव्हती. वाड्यावरच्या कुत्र्याला बांधत नाहीत. बांधलेलं कुत्रं राखण काय करणार? ही अक्कल आप्पांची नव्हे, त्यांच्या बापाची, आजोबाची, रानात जन्म काढलेल्या सगळ्यांची. रानात ती खरीच होती. तिथे चार-पाच कुत्री असत, आगटी असे, जागी माणसं असत. आमच्या अंगणात एकटा तांबू होता आणि चारी बाजूंनी ऊस.

साखळीत त्याने जो आकांत मांडला तो अजून माझ्या कानात आहे. भुंकणं नव्हे ते. कुणाला तरी लांबवर हाका मारल्यासारखं. असं काही दिवस चाललं, आणि एका सकाळी मी उठले तेव्हा गोठ्यात साखळी नीट गुंडाळून खुंटीला अडकवलेली होती. आप्पा अंगणात नव्हते. बांधाकडून येताना दिसले, हातात फावडं. त्यांनी सोडला होता. पहाटे शोधत गेले तेव्हा उसाच्या कडेला तो सापडला. ज्या बाजूने घर आहे त्या बाजूला पडला होता, म्हणजे उसातून येणाऱ्याच्या आणि आमच्या मध्ये. ते मला एवढंच म्हणाले, आणि चुलीपुढे बसले. मी चहा दिला. कप धरताना त्यांची बोटं पिवळी दिसली. पुरताना भंडारा वाहिला असणार.

स्वरा उठून डोळे चोळत आली आणि तिने विचारलं, तांबू कुठंय?

मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पाच बोलले. मेंढरांच्या वासानं गेला, म्हणाले. काल वाडा गेला न्हाई का, त्याच्या मागं लागला. मढच्या माळावर गाठलं आसंल त्यानं. आता कोकणात उतरंल.

स्वराने थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मागनंच चालत आसंल ना?"

आप्पांनी कप खाली ठेवला. "मागनंच," ते म्हणाले.

मी भांडले आप्पांशी. ती शाळेत गेल्यावर, मोठ्या आवाजात, सुनेने सासऱ्याशी बोलू नये तसं. म्हटलं, कार्टूनला खोटं खोटं म्हणता आणि पोरीला हे सांगता? ती वाट बघत राहील. दर वर्षी बघेल. खरं सांगितलं असतं तर चार दिवस रडली असती आणि मोकळी झाली असती. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना उलट उत्तर द्यायची सवयच नव्हती. मेंढरांमागे चालणाऱ्याला बोलायला कोण असतं? शेवटी एवढंच म्हणाले, "खरं म्या माझ्या हातानं पुरून आलोय, सूनबाय. तिला कशाला द्यू?"

त्या संध्याकाळी स्वराने पिक्चर लावला. मला वाटलं, आज तरी नको. आप्पा आपल्या जागी भिंतीला टेकून बसले. वाकडकान्या पडला, वाजप थांबलं. मी आप्पांकडे बघितलं. ते उठले नाहीत. बर्फावर नुसता वारा होता, आणि आप्पा घोंगडी दोन्ही हातांनी धरून पडद्यावरच्या त्या चितारलेल्या कुत्र्याकडे बघत होते. शेपूट हललं. स्वरा काही ओरडली नाही. आप्पाच म्हणाले, "हाललं गं." आणि मग त्यांनी घोंगडी तोंडावर ओढून घेतली. आमच्या घरात बाप्ये रडत नाहीत. घोंगडी हलत होती. स्वरा जाऊन त्यांच्या मांडीला टेकून बसली, आणि पडद्यावर सगळं गाव कंदील घेऊन धावत आलं.

पुढे मी या पिक्चरवाल्यांचा विचार पुष्कळ केला. ते खोटं सांगतात हे पोरांना कळत नाही, असं आपण मोठी माणसं धरून चालतो. मी अंगणवाडीत तेच धरून चालत आले. लांडगा विहिरीत पडला म्हटलं की पोरं टाळ्या वाजवतात, मला वाटतं, फसली. पण घराघरांत दारू असते, मारहाण असते, वाघाने नेलेली शेरडं असतात. लांडगे विहिरीत पडत नाहीत हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक? तरी टाळ्या वाजवतात. कुणासाठी वाजवतात, हे मला यंदाच्या या सकाळपर्यंत सुचलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीनंतर वाडे निघाले तसं मी म्हटलं होतं तसंच झालं. आवाज आला की स्वरा पहिली भाकरी घ्यायची आणि आप्पांचं बोट धरून रस्त्याला. पहिली भाकरी कुत्र्याची, ही आप्पांच्या घरची जुनी चाल. कळप पुढून जायचा, रस्ता पांढरा व्हायचा, नाकातोंडात धूळ. दोघं शेवटाची वाट बघत उभे. मागचं कुत्रं आलं की स्वरा मान तिरपी करून त्याचा कान बघायची. मग आप्पांकडे बघून मान हलवायची, हे न्हाई. आप्पा म्हणायचे, येईल, पुढच्या वाड्यात आसंल. आणि भाकरी त्याच कुत्र्याला टाकून दोघं घरी यायची. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मग आप्पांच्या हातात काठी आली. नंतर ते खुर्ची नेऊन बसायला लागले. मी चुलीपाशी बसून चरफडायची. एका थापेचं ओझं वाहायला एवढी लहान पोर कशाला, असं वाटायचं.

आप्पा श्रावणात गेले. झोपेत, घोंगडीवर, कुणाला तसदी न देता. स्वरा शाळेत होती. तिला आणायला मीच गेले, आणि वाटेत पुलाजवळ तिला थांबवून स्पष्ट सांगितलं. आप्पा वारले, आता ते परत येणार नाहीत. आडपडदा ठेवला नाही. तिने ऐकलं आणि पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने चालायला लागली. रडली ती घरी आल्यावर, घोंगडीत तोंड घालून. मला दुःखातही एक बरं वाटलं होतं की मी तिला फसवलं नाही.

तर यंदाची ही सकाळ. आम्ही दोघी रस्त्याला उभ्या. ऊस तुटून गेल्यामुळे लांबचं दिसत होतं. घोडी आली, घोडीवर कोकरू बांधलेलं आणि एक झोपाळू पोर. बायका पुढे निघून गेल्या. मेंढरं रस्ताभर झाली. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. रोज गोष्टी सांगणाऱ्या बाईला सुरुवात सुचत नव्हती. शेवटी म्हटलं, स्वरा, तांबूचं तुला एक सांगायचंय.

ती मेंढरांकडेच बघत होती. "म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "बाभळीखाली हाय ते."

मी तिच्याकडे वळले. कधी कळलं, कुणी सांगितलं, एवढं कसंबसं विचारलं. तिने अगदी साधेपणाने सांगितलं. त्याच दिवशी कळलं होतं. आप्पाच्या बोटांना भंडारा होता आणि चंपाषष्ठी तर होऊन गेली होती. आणि पिक्चरमध्ये म्हातारं कुत्रं मरतं तेव्हा पिल्लाला असंच सांगतात, पुढच्या मुक्कामाला गेलं म्हणून. पट्टा तिथंच पडलेला असतो. आप्पाने साखळी खुंटीला लावली होती.

मग एवढी वर्षं रस्त्याला का येत होतीस, मी विचारलं.

"आप्पा यायचा म्हणून," ती म्हणाली. "तो लई निरखून बघायचा गं आई. त्यानं सोडला व्हता ना त्याला. मी न्हाई म्हणलं की त्याला वाटायचं, पुढच्या वाड्यात आसंल."

मेंढरं जात होती. त्यांच्या पाठींवर दवाने ओल्या लोकरीला माती चिकटलेली. मी पहिलीतल्या त्या पोरीला आठवून बघत होते, चहाच्या कपाकडे, पिवळ्या बोटांकडे बघणारी. तिने तेव्हाच ठरवलं होतं की म्हाताऱ्याला हे सांगायचं नाही. आणि मी समजत होते की तिला सांभाळतोय आम्ही.

शेवटचा मेंढका आला. त्याच्याही मागे, अंतर ठेवून, एक काळं कुत्रं. स्वराने भाकरी पुढे टाकली. ते थांबलं, हुंगलं, आमच्याकडे एकदा बघितलं आणि भाकरी तोंडात धरून चालू लागलं. कामावरचं कुत्रं रेंगाळत नाही. त्याचं शेपूट वगैरे काही हललं नाही.

स्वरा ते लहान होत जाताना बघत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आप्पाचं तू मला एकदम खरंच सांगितलंस. पुलावर."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी तिची अर्धवट राहिलेली वेणी हातात घेतली आणि तिथेच रस्त्यावर उभ्या उभ्या घालायला लागले. पेड घालता घालता मी म्हटलं, आप्पा मढच्या माळावर पोचलेत. तिथं वाडा गाठलाय त्यांनी. गुडघे दुखत नाहीत आता, घाट आरामात उतरतील.

तिची पाठ माझ्याकडे होती.

"मागनंच चालत आसंल ना?" तिने विचारलं.

"मागनंच," मी म्हटलं.

वेणीला रिबीन बांधून झाली. धूळ खाली बसली होती, शाळेला उशीर होत होता, आणि घरी परातीत भाकरी तशीच होती.